दहाव्या घराचं पान

१

काल्हेरच्या गोदामांच्या रांगा संपल्या की कंटेनरच्या धुळीतून एक रस्ता डावीकडे खाडीला उतरतो. त्याच्या टोकाला नांदखार. दीडशे वर्षांपूर्वी इथे गाव नव्हतंच. भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल, बस्स! कुठून कुठून आलेल्या अकरा घरांनी पाटी पाटी माती टाकून बांध घातला, खाडीला बाहेर थोपवलं आणि आत भात लावला. आता भात लावतंय कोण म्हणा! शेतांवर गोदामं उभी राहिली. पण अकरा घरांचा तोरा होता तस्सा आहे.

त्या रविवारी सगळं गाव गावदेवीच्या देवळात दाटीवाटीने बसलं होतं. कारणही तसंच होतं. शुक्रवारी बांधावर दगड बसायचा होता, आणि दगडावर अकरा घरांची नावं कोरायची होती. नावं होती 'बांधाच्या वही'त. वही देवीच्या पेटीत. आणि वही मोडीत लिहिलेली, म्हणजे गावात वाचणारं कुणी नाही. म्हणून भिवंडीच्या धामणकर नाक्यावरून क्षितिजा केणेला बोलावलं होतं. तिचा धंदाच तो. लोकांचे जुने कागद वाचायचे आणि त्यांचे पूर्वज शोधून द्यायचे.

तिला बोलावलं केसरीनाथ मढवींनी. वय एक्क्याऐंशी, धोतर कडक इस्त्रीचं, आणि आवाज लाउडस्पीकर नको असा. मढवी म्हणजे पहिलं घर. पालखीला पहिला खांदा त्यांचा, होळीचा पहिला नारळ त्यांचा.

पुजारी हिरामणने पेटी उघडली. "बासष्ट साली केसरीबाबांच्या वडलांनी, पंढरीबाबांनी, कुलूप लावलं. त्यानंतर आज उघडतोय," तो म्हणाला.

बारा पानांची वही, मधोमध दोऱ्याने शिवलेली. पहिल्या पानावर देवीला नमस्कार, पुढे एकेका घराला एकेक पान. क्षितिजा वाचू लागली. "घर पहिलं. नवशा मढवी. मूळ गाव चौल. बांधाची पहिली पाटी याच्या हातची." ते पान तिने न अडखळता वाचलं आणि केसरीनाथांच्या चेहऱ्यावर ऊन पसरलं. पुढे मात्र अडखळायला झालं, कारण किड्याने प्रत्येक पानाच्या एकाच कोपऱ्यातलं एखाददुसरं अक्षर खाल्लेलं. तिसरं पान, चौथं, पाचवं... दहावं. मग ती थांबली. पान उलटलं, पुन्हा मागे गेली.

"काय झालं, बाय?" केसरीनाथ म्हणाले.

"दहाव्यानंतर एकदम बारावं पान आहे. अकरावं नाही. म्हणजे दहावं घर नाही."

शिवणीपाशी बोटभर रुंदीची कागदाची पट्टी तेवढी उरली होती. बाहेर कंटेनर मागे घेताना वाजणारी पींपीं देवळात ऐकू आली.

आणि मग बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी उठली. ठकुबाई तरे. "तेच आमचं पान," ती म्हणाली. "बघा, कापलं कुणी तरी!"

२

आता ठकुबाईचं काय होतं ते सांगितलं पाहिजे.

तऱ्यांचं घर बांधाच्या अगदी टोकाला. गाव त्यांना 'वाहीव' म्हणतं, म्हणजे पाण्याबरोबर वाहून आलेले. भांडण निघालं की पहिला शब्द तोच. ठकुबाई लग्न होऊन आली सतराव्या वर्षी, आज अठ्ठ्याहत्तरची आहे. साठ वर्षं तिने तो शब्द पाणवठ्यावर, लग्नात, मयताला ऐकला. सासू मरताना म्हणाली होती, आपण वाहीव न्हाय, वहीत दहावं घर आपलंच हाय. तेवढ्या एका वाक्यावर बाईने संसार काढला. आणि वही उघडली तर नेमकं तेच पान गायब!

"सासूच्या बोलण्याला काय पुरावा?" कुणी तरी म्हणालंच. "दहावं घर कुणाचं तरी असंल. निर्वंश झालेलं."

"पान न्हाय, तर नाव न्हाय," केसरीनाथ म्हणाले. त्यात दुष्टावा नव्हता. कायदा सांगावा तसं म्हणाले. "दहाच नावं कोरायची. बाळाराम पाथरवटाला बुधवारी संध्याकाळी यादी गेली पायजे."

मग रीतीप्रमाणे वही ताटात ठेवून फिरवली. केसरीनाथांनी ती उलटी धरली, बराच वेळ डोळे भरून पाहिली आणि "काय अक्षर हाय!" म्हणून कपाळाला लावली. हिरामणनेही तशीच उलटी घेऊन डोळ्यांना लावली. केसरीनाथांचा पुतण्या देवेश जवळच होता. कार्यक्रमाची सगळी धावपळ त्याच्याकडे. त्याने ताट घेतलं, वही फिरवून सरळ केली, नमस्कार केला आणि पुढे दिली. दहा मिनिटांत वही सगळ्या देवळात फिरून आली.

निघताना ठकुबाईने क्षितिजाचा हात धरला. म्हातारीचा हात चांगलाच घट्ट होता.

"पोरी, तू लोकांचे पूर्वज शोधतंस ना? माझं एक पान शोध. मना दगडावर माझं नाव नको. 'वाहीव' पुसलं पायजे, मी हाय तवर."

क्षितिजाने "बघते" म्हटलं. पण एव्हाना तिने एक गोष्ट केलीच होती. वहीच्या शिवणीचं लोंबणारं दोऱ्याचं टोक, नखाएवढं, तिने हिरामणला विचारून कापून घेतलं होतं. जुनी वही, जुना दोरा. पण गाठ फारच नेटकी वाटली तिला.

३

क्षितिजाची खोली धामणकर नाक्याजवळ, खाली लूमचा कारखाना. दिवसभर टेबल थरथरतं. कागदावर वजन ठेवल्याशिवाय काम नाही. ती दोऱ्याचं टोक घेऊन खाली उतरली. तिचा बाप याच कारखान्यात तीस वर्षं फिटर होता, त्यामुळे जे पाहायचं ते तिला शिकवावं लागलं नव्हतं. तरी साक्षीला तिने मुकादम अन्सारीचाचांना हाक मारली.

"चाचा, देखो जरा."

तिने काडी पेटवून दोऱ्याला लावली. सुती दोरा भुरभुर जळतो आणि बोटात राख उरते. हा जळला नाही. आक्रसला, वितळला, आणि टोकाला काळा कडक मणी झाला.

"पॉलिस्टर है बेटा," चाचा म्हणाले. "इसमें क्या देखना? पूरी भिवंडी में यही चल रहा है."

तेच तर! बासष्ट साली कुलूपबंद झालेल्या, दीडशे वर्षांपूर्वीच्या वहीत पॉलिस्टर कुठून आलं? म्हणजे पेटी मध्येच उघडली होती. कुणी तरी वही उसवली आणि पुन्हा शिवली होती. आणि हिरामण धडधडीत खोटं बोलला होता.

सोमवारी ती हिरामणसमोर बसली आणि तो काळा मणी त्याच्या तळहातावर ठेवला. गडी भिवंडीचाच, समजावून सांगायची वेळ आली नाही. तोंडचं पाणी पळालं त्याच्या.

"ताई, देवीची शपथ, मी वहीला हात न्हाय लावला. किल्ली दिली होती, एवढंच."

"कोणाला?"

"फोटो काढायचेत म्हणून. दोन महिने झाले. एक रात वही त्यांच्याच घरी होती."

"कोणाच्या, हिरामण?"

"मढवींच्या," तो म्हणाला आणि रडायलाच लागला.

४

मढवींच्या ओटीवर चहा आला, बिस्किटं आली. केसरीनाथ खुशीत होते. दगडाचा कच्चा नमुना त्यांनी भिंतीला टेकवून ठेवला होता. सर्वांत वर 'नवशा मढवी'.

"बाबा, वही फोटोसाठी तुमच्याकडे होती?"

"व्हती ना. देवेशने काढले फोटो." त्यांनी सरळ सांगून टाकलं, डोळाही लवला नाही. लपवणारा माणूस असा बोलत नाही. "मी म्हणलो, वहीची नक्कल ऱ्हावी."

"तऱ्यांचं आणि तुमचं काही वैर?"

"छे गो! उलट. आमचे घरी लगीन असलं की पहिलं आवतण ठकुबायच्या उंबऱ्यावर. देवीच्याही आधी. हळदही पहिली तिच्या घरची लागतं. माझे बापाच्या, आज्याच्या वेळपासून."

"का?"

केसरीनाथ जरा गोंधळले. हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "दया असंल. गरिबाचा मान. मोठे घराला शोभतं."

देवेश मध्येच म्हणाला, "ताई, पान फार जुन्या काळात फाटलं असणार. कशाला खोलात जाता? आणि मला विचाराल तर मोडी म्हणजे नुसत्या मुंग्यांची रांग. आपण फक्त फोटो काढले." बोलताना तो काकांकडेच बघत होता. पोरगं चांगलं, काकांना बिस्किट चहात बुडवून देणारं.

तिथून ती बांधाच्या टोकाला ठकुबाईकडे गेली. म्हातारी जवळा निवडत बसली होती. तिने तेच सांगितलं, वेगळ्या बाजूने.

"मढवी आवतण द्याया येतात तवा उंबऱ्याच्या बाहेर उभे ऱ्हातात. आत न्हाय येत. मी हळद देतंय, ते जातात. वाहीवाच्या घराची हळद लागतं, पन वाहीवाच्या घरात पाय न्हाय ठेवायचा. हाय का न्हाय गंमत?"

तिच्या आवाजात गंमत नव्हती. क्षितिजाला त्या क्षणी मढवींचा मनापासून राग आला, आणि केसरीनाथांचा साधा चेहरा आठवून तो राग धड टिकेनाही.

"आजी, काही आठवलं तर फोन करा," ती म्हणाली आणि पिशवीतल्या आपल्या शाळकरी वहीचं पुढचंच पान नंबर लिहायला टर्रकन फाडलं. नंबर लिहून दिला, उठली, आणि वहीतून एक कोरं पान सुटून जवळ्यावर पडलं. मागचं पान. पुढचं फाडलं की मागचं सुटतं. शाळेत गेलेल्या कोणत्याही पोराला हे माहीत असतं.

क्षितिजा उभ्याची खाली बसली. बारा पानं म्हणजे मधोमध दुमडलेले सहा कागद. पहिल्या पानाचा जोडीदार बारावं पान. दुसऱ्याचा जोडीदार...

"काय गो, घेरी आली का?"

"नाही आजी. सगळा गाव चुकीच्या पानाकडे बघत बसलाय. चोराला तुमचं पान नकोच होतं!"

५

बुधवारी दुपारी देवळात चारच माणसं बसली: केसरीनाथ, देवेश, हिरामण आणि ठकुबाई. बाळाराम पाथरवट यादीसाठी पायरीवर येऊन बसला होता, पण तो छिन्नीला धार लावत होता. क्षितिजाने वही मधोमध ठेवली.

"आधी ही पट्टी बघा," ती म्हणाली. "अकरावं पान कापल्यावर उरलेली, असं आपण धरून चाललो. पण मोडी लिहिणारा जुना माणूस आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायचा, शिवणीपासून थेट कडेपर्यंत, आणि मग रेघेखाली अक्षरं लटकवायचा. प्रत्येक पानावर बघा, रेघा दोऱ्यापर्यंत गेल्यात. मग पान कापलं असतं तर पट्टीवर रेघांची टोकं राहायला हवीत. ही कोरी आहे."

"मंग?" केसरीनाथ पुढे सरकले.

"मग ही अकराव्या पानाची नाहीच. ती दुसऱ्या पानाची शेपूट आहे. सुटं पान शिवायचं तर दुमडून थोडी पट्टी पलीकडे, जोडीच्या पानाच्या जागी, सोडावी लागते, नाही तर दोरा धरत नाही. म्हणजे दुसरं पान नवीन घातलंय. जुना कागद काढला, त्याचं एक अंग दुसरं पान, दुसरं अंग अकरावं. एक काढायचं तर दुसरं जाणारच. ठकुबाईंचं पान कुणी चोरलं नाही, बाबा. ते तुमच्या पानाबरोबर ओढलं गेलं."

केसरीनाथांचा चेहरा उतरला. "माझं पान खोटं?"

"रविवारी तेवढं एकच पान मी न अडखळता वाचलं. किड्याने वही आरपार पोखरलीय, पहिल्या पानापासून बाराव्यापर्यंत. दुसरं पान तेवढं सोडून किडा पुढे कसा गेला? आणि त्या पानावर रेघांना डावीकडे समास सोडलाय. जुना कारकून समास सोडत नव्हता. तो आपण शाळेत शिकलो."

"मोडी येणारं गावात हायच कोण?" हिरामण म्हणाला.

"मीही तेच विचारत होते. मग रविवार आठवला. वही ताटात फिरली तेव्हा बाबांनी उलटी धरली. हिरामण, तुम्हीही. वाचता येत नाही, त्याला उलटं काय नि सुलटं काय! एकाच माणसाने ती फिरवून सरळ केली."

तिने नाव घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही. देवेश मान खाली घालून बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"ठाण्याला दोन महिन्यांचा क्लास केला," तो अखेर म्हणाला. "काकांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. दगडाच्या दिवशी मीच वही वाचून दाखवणार होतो. आणि फोटो काढायला वही घरी आणली, दुसरं पान वाचलं, आणि... काका, तुम्ही रोज त्या दगडाला हात लावून झोपायला जाता. मला नाही जमलं हो सांगायला! आजोबांच्या चोपडीतलं कोरं पान घेतलं. तऱ्यांचं पान सोबत जाईल हे कागद हातात सुटल्यावर कळलं."

"खरं पान कुठे आहे?" क्षितिजाने विचारलं. "जाळलंस?"

"देवीची वही आहे ताई. जाळणार कसा?" त्याने शर्टाच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. दोन महिने तो ती छातीशी घेऊन हिंडत होता.

६

कागद उलगडला. कोपऱ्यात किड्याचं भोक होतं, दोन्ही पानांवर, जागच्या जागी.

"वाच," केसरीनाथ म्हणाले. "गाळू नको."

क्षितिजाने आधी दुसरं पान वाचलं. "घर पहिलं. नवशा. आईबाप ठाऊक नाहीत, मूळ गाव ठाऊक नाही. उधाणाच्या पाण्यात होडीतून वाहून आला, तेव्हा अंगावरचं दूध पिणारा. पहिली पाटी कोणी टाकावी यावर दहा घरांत तंटा झाला, तेव्हा जो कोणाचाच नाही त्याने टाकावी असं ठरलं. पाच वर्षांच्या नवशाने पहिली पाटी टाकली. म्हणून हे घर पहिलं."

 केसरीनाथांनी बोटाने पुढचं पान दाखवलं.

मग तिने अकरावं वाचलं. "घर दहावं. जानकी तरे. नवरा चिंधू बांधावर येण्याआधी वारला, घरात पुरुष माणूस नाही. पदरी तेव्हा एक तान्हा मुलगा. वाहून आलेल्या नवशाला हिने आपल्या मुलाबरोबर अंगावर पाजून वाढवलं. दोन माणसांच्या पाट्या एकटीने टाकल्या. नवशाच्या घरचं पहिलं आवतण आणि पहिली हळद हिच्या उंबऱ्याची, आई म्हणून."

तर वाहून आलं होतं ते मूल. शब्द मात्र ज्या घराने त्याला उचललं त्या घराला चिकटला, आणि दीडशे वर्षं चिकटून राहिला. ठकुबाईने पदर तोंडाला लावला. साठ वर्षांचं रडू ते, लगेच कसं थांबेल!

केसरीनाथांनी वही मिटली. मग त्यांनी पुतण्याला जवळ बोलावलं. देवेशला वाटलं थोबाडीत बसणार, आणि त्याने गाल पुढेही केला. म्हाताऱ्याने त्याच्या खांद्याचा आधार घेतला, एवढंच.

"येड्या, माझा मान जाईल म्हणून भ्यालास? अरे, मी एवढी वर्षं आईला दया दाखवीत व्हतो. लाज वाटायची ती त्याची."

ते काठी टेकत पायरीशी गेले. "बाळाराम, अकरा नावं. दहावं घर, जानकी तरे. नि पहिल्या घराला नवशा मढवी नको लिवू."

"मंग काय लिवू, बाबा?"

"जानकीचा नवशा. मोठ्या अक्षरान."

क्षितिजाला वाटलं, झालं. कागद पिशवीत, आपण नाक्याच्या रिक्षात. पण म्हातारा थांबला नाही. हिरामणकडून त्याने मूठभर अक्षता मागून घेतल्या आणि तो बांधावरून चालू लागला, कडक इस्त्रीच्या धोतराने धूळ झाडत. मागून देवेश, त्याच्या मागून क्षितिजा. ठकुबाई लगबगीने पुढे जाऊन घरात शिरली, कारण आवतण घ्यायला घरात कुणी तरी हवं.

केसरीनाथ उंबऱ्याशी पोचले. सवयीने बाहेरच उभे राहिले. अक्षतांचा हात पुढे केला.

"ठकुबाय, शुक्रवारी बांधावर दगड बसतंय. पहिलं आवतण तुमचं. देवीच्याही आधी."

ठकुबाईने हळदीची वाटी आणली नाही. ती दारातून बाजूला झाली.

"आईच्या घरी कुणी बाहेर उभा ऱ्हातो का, केसरीदादा? आत ये. चाय ठेवतंय."

केसरीनाथांनी चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला.